स्पॅनिश वाक्यांचे सांधे

परकी भाषा शिकू लागलेला मनुष्य प्रथम नामे पाठ करतो, मग क्रियापदांच्या मागे लागतो. उभयान्वयी अव्ययांकडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. ही चिमुकली अव्यये म्हणजे दोन वाक्ये चिकटविण्याचा डिंक, एवढीच त्याची कल्पना असते. स्पॅनिश भाषेत ही कल्पना फार काळ टिकत नाही. तेथे साध्या 'पण'लाच दोन शब्द आहेत आणि त्यांची अदलाबदल चालत नाही.

ते शब्द म्हणजे 'पेरो' आणि 'सिनो'. 'नो एस मेदिको, पेरो साबे दे मेदिसिना' म्हणजे तो वैद्य नाही, पण त्याला वैद्यक कळते. येथे पहिले विधान कायम राहते. दुसरे त्याला केवळ मुरड घालते. उलट 'नो एस मेदिको, सिनो आबोगादो' म्हणजे तो वैद्य नव्हे, तर वकील आहे. येथे एक कल्पना पुसून तिच्या जागी दुसरी बसविली आहे. म्हणूनच 'सिनो'च्या आधी नकार हवा; आणि पुढे चालविलेले क्रियापद येणार असेल, तर 'सिनो के' म्हणावे लागते. मराठी माणसाला हा भेद वास्तविक जड जाऊ नये, कारण 'नाही, पण' आणि 'नव्हे, तर' ह्या जोड्या त्याच्या जिभेवर आहेतच. तो अडखळतो, कारण बहुधा तो इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिशकडे जातो आणि तेथील एकुलता एक 'बट' बरोबर घेऊन येतो.

'आणि' व 'किंवा' यांचे काम सोपे, केवळ कानाचे आहे. 'आणि' म्हणजे 'ई'. परंतु पुढील शब्द इकाराच्या उच्चाराने सुरू झाला, की त्याचा 'ए' होतो: 'पाद्रे ए इखो', बाप आणि मुलगा. 'किंवा' म्हणजे 'ओ'. पुढे ओकार आल्यास त्याचा 'ऊ' होतो: 'सिएते ऊ ओचो', सात किंवा आठ.

खरी गंमत 'आउंके' ह्या शब्दात आहे. त्याचा अर्थ 'जरी'. 'इरेमोस आउंके युएवे' म्हणजे पाऊस पडत आहे, तरी आम्ही जाऊ. 'इरेमोस आउंके युएवा' म्हणजे पाऊस पडला, तरी आम्ही जाऊ. अव्यय तेच, बदलला तो क्रियापदाचा अर्थ. एका स्वराने घडलेली गोष्ट संभाव्य झाली. मात्र ह्या दुसऱ्या रूपात नेहमी शंकाच असते, असे क्रमिक पुस्तकांच्या भरवशावर धरून चालू नये. 'आउंके सेआ तू एर्मानो', म्हणजे 'तो तुझा भाऊ असला, तरी', असे म्हणणाऱ्याला त्या नात्याविषयी तिळमात्र संशय नसतो. ती गोष्ट दोघांनाही ठाऊक आहे, ती नव्याने सांगायची नाही, आणि तिने आपला निर्णयही बदलणार नाही, एवढेच तो सुचवितो. समोरच्याने यातून शंका वाचली, तर भलताच गैरसमज व्हायचा! 'पारा के' म्हणजे 'व्हावे म्हणून'. त्याच्यापुढे मात्र हे दुसरे रूप हटकून येते, कारण हेतू अजून सिद्धीस गेलेला नसतो.

कारण सांगताना क्रमाकडेही पाहावे लागते. 'पोर्के' हा 'कारण'सारखा, परिणामाच्या मागून येतो: 'नो सालिमोस पोर्के योविआ', आम्ही निघालो नाही, कारण पाऊस पडत होता. कारण आधी सांगावयाचे असल्यास वाक्य बहुधा 'कोमो'ने सुरू करतात: 'कोमो योविआ, नो सालिमोस'. आपला 'म्हणून' ह्या दोहोंच्या जागी बसत नाही. तो दोन वाक्यांच्या मध्ये उभा राहून मागचे कारण पुढच्या परिणामाला जोडतो. त्याचे काम स्पॅनिशमध्ये 'आसी के' करतो: 'योविआ, आसी के नो सालिमोस'.