केंद्राचा हप्ता थांबला म्हणून गोळी थांबू नये



२०२४ चा उन्हाळा होता. आमच्या वस्तीतला एक भाऊ चिकलठाणा एमआयडीसीत हमाली करतो. त्याला क्षयरोग झालेला. दोन महिने गोळ्या नीट मिळाल्या. मग महिन्याच्या गोळ्यांऐवजी आठवड्याच्या मिळू लागल्या. पुढे एका आठवड्याला नुसता निरोप मिळाला, "माल आलेला नाही, चार दिवसांनी या." एका खेपेला त्याचा एक रोज बुडतो. संध्याकाळी घरी येऊन त्याने मला विचारले, "ताई, आता खोकला कमीच आहे. थोडे दिवस नाही घेतल्या तर चालंल का?"

नाही चालत, भावा. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे एकत्र, पुढचे चार महिने तीन. मध्ये खंड पडला तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो. मग उपचार लांबतो, औषधे जड होतात आणि तोच जंतू घरातल्या लेकरांपर्यंत पोचतो. चूक गोळी न पोचवणाऱ्याची, भोगायचे मात्र रुग्णाने.

ही टंचाई एका केंद्रापुरती नव्हती. क्षयरोगाची औषधे केंद्र सरकार खरेदी करून राज्यांना पुरवते. तो पुरवठा आटला, तेव्हा १८ मार्च २०२४ च्या पत्राने केंद्राने राज्यांना कळवले की तीन महिन्यांसाठी औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करा. पण पत्र आले म्हणून दुसऱ्या दिवशी गोळी येत नाही. त्यासाठी जिल्ह्याच्या हातात पैसा लागतो आणि खरेदीची परवानगी लागते.

पैसा येतो कसा, हे आपण समजून घेतले पाहिजे. आपल्या दवाखान्यातल्या अनेक परिचारिका, तंत्रज्ञ, समुपदेशक राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटावर आहेत. या अभियानाचा ६० टक्के खर्च केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. केंद्राचा हप्ता आधी राज्याच्या तिजोरीत येतो, राज्य आपला वाटा घालते, मग तो राज्य आरोग्य सोसायटीमार्फत जिल्ह्याला मिळतो. वरचा हप्ता अडला की खालचे सगळे अडते. २०२३-२४ मध्ये तर आरोग्य केंद्रांवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हे नाव लावण्याच्या वादातून पंजाब आणि पश्चिम बंगालचा निधी अडकला. पाटीवरून भांडण, आणि झळ रुग्णाला.

मी जीएनएमची पदविका घेऊन कंत्राटी परिचारिका म्हणून काम केले आहे. एका ठिकाणी आमचा पगार सलग तीन महिने झाला नव्हता. तरी सकाळी आठला ड्यूटीवर हजर. रिक्षाचे पैसे नाहीत म्हणून चालत येणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या. हातमोजे संपले की आम्ही वर्गणी काढून आणत होतो. म्हणजे सरकारचा खड्डा कोण भरत होते? बिनपगारी नर्स आणि बाहेरच्या मेडिकलमधून औषध आणणारा गरीब रुग्ण.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे आणि मनुष्यबळ यांची चर्चा तेव्हा राज्यभर झाली. चर्चा विरली, प्रश्न तिथेच आहेत.

म्हणून आरोग्य कर्मचारी रस्त्यावर येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आशाताई आझाद मैदानावर बसल्या. मार्चमध्ये राज्य सरकारने त्यांच्या मानधनात महिन्याला ५ हजार रुपयांची वाढ दिली. १९ ऑगस्ट २०२५ पासून अभियानाचे कंत्राटी कर्मचारी संपावर गेले. दहा वर्षे सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ ला निघाला होता, तो अमलात आणा, एवढेच त्यांचे मुख्य म्हणणे होते. आशांच्या वाढीने एक गोष्ट सिद्ध केली : राज्याने ठरवले तर राज्याच्या तिजोरीतून पैसा निघतो.

कोणी म्हणेल, केंद्राचे ओझे राज्याने का उचलावे? पहिले उत्तर संविधानात आहे. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यसूचीतला विषय आहे, आणि अनुच्छेद ४७ लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानतो. दुसरे उत्तर बाबासाहेबांचे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की लोकांचे कल्याण सांभाळणे हे मुळात सरकारचे काम आहे, म्हणून हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलला पाहिजे. तिसरे उत्तर साधे आहे. केंद्राशी हिशोब राज्याने मागाहून करावा. रुग्ण थांबू शकत नाही.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा ८ टक्क्यांहून जास्त भाग आरोग्यावर खर्च करावा असे म्हटले होते. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे. राज्याकडे आपल्या मागण्या अशा :

१) केंद्राचा हप्ता लांबला तर राज्याने आगाऊ पैसे द्यावेत, पगार एकही महिना थकू नये.
२) क्षयरोग, एचआयव्ही, मधुमेह, रक्तदाबाच्या औषधांचा किमान तीन महिन्यांचा साठा जिल्ह्यात असावा.
३) रिक्त पदे भरावीत, १४ मार्च २०२४ चा निर्णय पाळावा.

आणि आपण काय करायचे? एक, हक्क माहीत करून घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. आपले चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे मिनी घाटी, त्यात येते. मोठी घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाची असल्याने तिला हा निर्णय लागू नाही. दोन, क्षयरुग्णाला पोषणासाठी महिन्याला १ हजार रुपये बँक खात्यात मिळतात. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. आले नाहीत तर केंद्रावर विचारा. तीन, औषध नाही म्हणाले तर कोणते औषध, कोणती तारीख, हे लिहून ठेवा. अशा दहा नोंदी झाल्या की महिला मंडळाने त्या घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना निवेदन द्यावे. तोंडी तक्रार विरते, लेखी तक्रारीला उत्तर द्यावे लागते.

आमच्या त्या भावाला आम्ही दुसऱ्या केंद्रावरून गोळ्या मिळवून दिल्या. त्याचा कोर्स पूर्ण झाला, तो आज पुन्हा कामावर जातो. पण प्रत्येक रुग्णाच्या शेजारी नर्स राहत नाही. शेजारी सरकारचा दवाखाना असतो. तिथली गोळी चालू राहिली पाहिजे.

जयभीम. जय संविधान.