सोळा मात्रांची परीक्षा

संपादकांचं म्हणणं असं, की दहावीच्या वाढीव गुणांपायी मुली कथककडे वळल्यात, तर जाऊन बघा. म्हणून नगरला (आता अहिल्यानगर) परीक्षेच्या केंद्रावर गेलो. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडच्या मुली व्हरांड्यात बसून घोट्यांना घुंगरू बांधत होत्या. आया केसांच्या पिना तोंडात धरून उभ्या. आत तबलजी हातोडीने तबला लावत होते. पुढे माझं लक्ष मुलींपेक्षा त्यांच्याकडेच जास्त राहिलं.

परीक्षा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९३१ मध्ये पंडितजी गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ स्थापलं. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार. प्रारंभिक सोडून प्रत्येकाचे प्रथम आणि पूर्ण असे दोन भाग. हंगाम दोन, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. लंडनची १९२० साली सुरू झालेली रॉयल अकॅडमी ऑफ डान्स बॅलेच्या परीक्षा साधारण अशाच घेते: चढत्या इयत्ता, ठरलेला अभ्यासक्रम, बाहेरून आलेला परीक्षक. बॅलेच्या मुलांना मात्र नाच तोंडाने म्हणून दाखवावा लागत नाही.

कथकमध्ये लागतो. परीक्षक म्हणतात, 'पढंत करा.' मुलगी हातावर सोळा मात्रांचा त्रिताल धरते, पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, आणि तोड्याचे, म्हणजे बांधलेल्या छोट्या रचनेचे, बोल म्हणत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येते. पाठ केलेला नाच पाय निभावून नेतात. हिशेब कच्चा असेल तर तो हातावर ताल धरताना लगेच उघडा पडतो.

त्याहून अवघड तत्कार, म्हणजे बोलांवरचं पायकाम. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. ऐकायला बाळबोध. पण पहिल्या चार बोलांना उजवा-डावा-उजवा-डावा, आणि 'आ' पुन्हा डाव्यानेच. म्हणजे तिथे एकच पाय लागोपाठ दोनदा पडायला हवा. शरीराला हे मान्य नसतं, त्याला चालीसारखी आळीपाळी हवी असते. बरोबरीच्या लयीत सांभाळून नेता येतं. दुगुनीत एका मात्रेत दोन बोल, चौगुनीत चार. ठेका तोच राहतो, आणि मुलगी नेमकी त्या सांध्यावर अडखळते.

अशा वेळी तबलजींनी काय करावं? एक छोटी प्रवेशिकेची मुलगी चौगुनीत घसरली. ठेका जराही ढिला पडला नाही. फक्त पुढच्या समेच्या 'धा'वर त्यांनी थाप किंचित ठाशीव मारली. मुलीने ती पकडली आणि परत लयीत आली. परीक्षकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. ही मदत नियमात बसते का, ते मी विचारलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत तबलजी म्हणाले, 'मुली मोबाइलवरच्या लेहऱ्यावर, त्या फिरून फिरून वाजणाऱ्या सुरावटीवर, तयारी करतात. तो कधी चुकत नाही, आणि यांच्याकडे बघतही नाही. इथे माणूस समोर आला की बावरतात.' तालुक्याच्या गावी रोजच्या वर्गाला तबला-पेटीचे साथीदार परवडत नाहीत, ही त्यामागची साधी अडचण. जिल्ह्यात ढोलकी-तबला वाजवणाऱ्या हातांचा मात्र दुष्काळ नाही. संगमनेर ही तमाशाची जुनी भूमी, जामखेडला कला केंद्रं. तिथेही घुंगरू बांधूनच नाचतात, पण त्या वाटेवर प्रारंभिक नाही, विशारद नाही आणि प्रमाणपत्रही नाही.

संपादकांचा संशय अर्धा खरा निघाला. तीन परीक्षा उत्तीर्ण असतील तर दहावीला काही गुण वाढतात, पाच असतील तर आणखी. पाचवी परीक्षा म्हणजे मध्यमा पूर्ण. एका शिक्षिकेने सांगितलं, तिथवर वर्ग भरलेला असतो. दहावीचा निकाल लागला की अकरावी, क्लास, नीट, आणि घुंगरू कपाटात. विशारदला बसणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. वाढीव गुणांवर माझा राग नाही. त्यांच्यामुळेच राहुरीतल्या एखाद्या बापाने मुलीच्या नाचाची फी भरली असेल. पण गुण मिळतात तिथेच नाच थांबतो, आणि कथकमध्ये स्वतःचं काही सुचायला लागतं ते त्यानंतर.

म्हणून पालकांना एक विनंती. मुलीची श्रेणी विचारण्याआधी तिला एक तोडा हातावर ताल धरून म्हणायला सांगा. ती समेवर नीट आली, तर अकरावीला क्लास बंद करू नका.