मोकळ्या उंदराच्या मेंदूची नोंद घेणारे यंत्र

उंदीर हिंडत, खात किंवा झोपत असताना त्याच्या मेंदूतील एकेका चेतापेशीचा विद्युत संदेश टिपायचा, तर नोंद घेणारे यंत्र त्याच्या डोक्यावरच कायमचे बसवावे लागते. केसाहून बारीक इलेक्ट्रोड, ते खाली सरकवणारा मायक्रोड्राइव्ह, संदेश मोठा करणारी चिप आणि हे सारे कवटीला धरून ठेवणारे सिमेंट, असे या यंत्राचे चार भाग असतात. ही यंत्रे बहुतेक वेळा संशोधक स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात.

चोपडा आणि शिरपूर येथील फार्मसी महाविद्यालयांत औषधशास्त्र शिकणाऱ्यांना उंदराचे वागणे मोजणारी उपकरणे परिचयाची असतात. अॅक्टोफोटोमीटर हालचाल मोजतो, रोटारॉड तोल पाहतो, अधिक चिन्हाच्या आकाराचा उंच मार्ग भीती जोखतो. उंदराने काय केले ते या उपकरणांतून कळते. ते करताना मेंदूत काय चालले होते, हे कळण्यासाठी डोक्यावरच्या यंत्राची गरज पडते.

भूल दिलेल्या प्राण्याच्या मेंदूतूनही नोंद घेता येते आणि कित्येक दशके ती तशीच घेतली गेली. परंतु भुलीखालचा मेंदू वाट शोधत नाही, पिलांना सांभाळत नाही, शत्रूला बिचकत नाही. या मर्यादेपलीकडे जाण्याचा लाभ १९७१ मध्ये स्पष्ट दिसला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्त्रोव्हस्की यांना, मोकळ्या फिरणाऱ्या रॅटच्या, म्हणजे मोठ्या उंदराच्या, मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात, प्राणी एका ठरावीक जागी आला की जाग्या होणाऱ्या पेशी सापडल्या. याच स्थान-पेशी. २०१४ चे नोबेल पारितोषिक ओकीफ यांना आणि ग्रिड-पेशी शोधणाऱ्या मे-ब्रिट व एडवर्ड मोझर यांना मिळाले. प्राणी चालता राहिला म्हणूनच या पेशी दिसल्या.

रॅटसाठी बनवलेले यंत्र लहान उंदराला मात्र चालत नाही. रॅटचे वजन तीनशे ग्रॅमच्या घरात असते, प्रौढ लहान उंदराचे २० ते ३० ग्रॅम. डोक्यावरचे ओझे शरीराच्या वजनाच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ठेवायचे, असा प्रयोगशाळांचा दंडक आहे. म्हणजे सिमेंट आणि स्क्रू धरून सगळे दोन-तीन ग्रॅममध्ये बसवायचे. तरीही लहान उंदीरच निवडला जातो, कारण त्याच्या जनुकांत हवे ते बदल करण्याचे तंत्र सर्वांत पुढे गेलेले आहे. अल्झायमर किंवा अपस्माराशी निगडित जनुकीय बदल असलेले उंदीर उपलब्ध असतात. अशा उंदराच्या मेंदूत काय बिघडते हे पाहायचे, तर यंत्रच हलके करावे लागते.

यंत्राचे टोक म्हणजे इलेक्ट्रोड. चेतापेशी संदेश देते तेव्हा तिच्याबाहेर सुमारे एक मिलिसेकंद टिकणारा विद्युतदाब उमटतो. तो ५० ते ५०० मायक्रोव्होल्ट इतकाच असतो. त्यातला १०० मायक्रोव्होल्टचा संदेश टॉर्चमधल्या दीड व्होल्टच्या सेलच्या पंधरा हजाराव्या भागाएवढा भरतो. तो ऐकायला पेशीच्या शंभरएक मायक्रोमीटरच्या आत पोचावे लागते. तेवढ्या अंतरात पेशी अनेक असतात, आणि एकाच तारेवर आलेले त्यांचे आवाज वेगळे करणे कठीण जाते. यावर उपाय म्हणजे टेट्रोड. सुमारे १२ ते १७ मायक्रोमीटर जाडीची, वेष्टन असलेली निक्रोमची तार दोनदा दुमडून तिला पीळ देतात आणि गरम हवेचा झोत मारून चारही पदरांची वेष्टने एकमेकांना चिकटवतात. मग टोक धारदार कात्रीने सरळ कापतात. एकाच पेशीचा संदेश चारही तारांवर कमी-अधिक उंचीचा उमटतो, कारण प्रत्येक तार तिच्यापासून वेगळ्या अंतरावर असते. या फरकावरून कोणता संदेश कोणत्या पेशीचा हे ओळखता येते. शेवटी टोकांवर सोन्याचा मुलामा चढवतात. त्याने तारेचा विद्युतरोध काही मेगाओहमवरून दोन-तीनशे किलोओहमपर्यंत उतरतो आणि गोंगाट कमी होतो.

टेट्रोड नेमक्या खोलीवर नेण्याचे काम मायक्रोड्राइव्ह करतो. एक बारीक स्क्रू, त्यावर वर-खाली होणारा लहानसा ठोकळा आणि त्याला चिकटवलेला टेट्रोड, एवढीच त्याची रचना. एम१ मापाच्या स्क्रूचे आटे पाव मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणून पूर्ण फेऱ्याला तार २५० मायक्रोमीटर उतरते आणि पाव फेऱ्याला ६० च्या थोडी वर. अनेक टेट्रोड एकत्र बसवायचे तर प्रत्येकाला स्वतंत्र स्क्रू आणि पॉलिइमाइडची नळी लागते. पूर्वी अशी चौकट लेथवर घडवावी लागे. आता ती थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये निघते आणि आराखडे खुले असल्याने कोणतीही प्रयोगशाळा ते आपल्या गरजेप्रमाणे बदलू शकते.

तारांची दुसरी टोके सोन्याच्या बारीक पिनांनी इलेक्ट्रॉनिक पाटीला जोडलेली असतात. पाटीवर नोंदीपुरता लावला जाणारा भाग म्हणजे हेडस्टेज. इतका क्षीण संदेश लांब वायरीतून तसाच नेला, तर वायर हलण्याचा आणि घरगुती विजेच्या ५० हर्ट्झचा गोंगाट त्याला बुडवून टाकतो. म्हणून संदेश डोक्यावरच मोठा केला जातो आणि तिथेच अंकांत बदलला जातो. इन्टान कंपनीची ३२ वाहिन्यांची एकच चिप ही दोन्ही कामे करते. पुढे जाते ती पातळ डिजिटल वायर. उंदीर गोल फिरला तरी तिला पीळ पडू नये म्हणून वर फिरता जोड असतो, आणि बाहेरचा गोंगाट थोपवायला भोवती अर्थिंग केलेली तारेची जाळी.

यंत्र तयार झाले की शस्त्रक्रिया होते. आयसोफ्लुरेन वायूची भूल, डोळ्यांना मलम, अंगाखाली ऊब आणि वेदनाशामक औषध यांनी तिची सुरुवात होते. डोके स्टिरिओटॅक्सिक चौकटीत स्थिर करतात. ही कल्पना व्हिक्टर हॉर्सले आणि रॉबर्ट क्लार्क यांनी १९०८ मध्ये मांडली. कवटीच्या शिवणी जिथे मिळतात तो ब्रेग्मा हा बिंदू शून्य मानून सगळी मापे घेतली जातात. पाठीकडील हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागासाठी तिथून सुमारे दोन मिलिमीटर मागे आणि दीड मिलिमीटर बाजूला छिद्र पाडतात. हाड अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. ड्रिल किंचित जास्त दाबला गेला तर खालच्या मेंदूला इजा होते, म्हणून मध्येमध्ये थांबून सलाइन सोडत हाड थंड ठेवावे लागते. अनुमस्तिष्कावरच्या हाडात एक स्क्रू बसवून त्याला अर्थिंगची तार जोडतात. शेवटी दंतवैद्य वापरतात तसल्या अॅक्रेलिक सिमेंटने यंत्र कवटीला पक्के करतात. हाड नीट कोरडे झाले नसेल तर काही आठवड्यांनी सगळे यंत्र निखळते आणि प्रयोग तिथेच संपतो.

पुढचा साधारण आठवडा उंदराला सावरायला दिला जातो. मऊ खाणे, वेदनाशामक आणि यंत्र वर आपटू नये असा उंच पिंजरा ही त्याची व्यवस्था. मग रोज पाव-अर्धा फेरा देऊन टेट्रोड खाली नेतात आणि ऊती स्थिर होण्यास वेळ देतात. सीए१ मधला पेशींचा थर शंभर मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. तो जवळ आल्याची खूण म्हणजे उंदीर विसावलेला असताना उमटणाऱ्या, सेकंदाला दीडशे ते अडीचशे वेळा हेलकावणाऱ्या लहरींच्या तुकड्या. चालताना त्यांची जागा सेकंदाला सहा ते दहा वेळा येणारी थीटा लहर घेते.

प्रत्येक वाहिनीवर सेकंदाला ३०,००० वेळा माप घेतले जाते. ३२ वाहिन्यांची नोंद तासाभरात सात जीबीच्या जवळ जाते. वर लावलेला कॅमेरा त्याच वेळी उंदराची जागा टिपतो आणि दोन्ही घड्याळे तंतोतंत जुळवलेली असतात. नंतर संगणक संदेशांची पेशीवार विभागणी करतो आणि माणूस ती तपासतो. प्रयोग संपल्यावर मेंदूचे पातळ काप काढून इलेक्ट्रोडची वाट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. टोक नेमके कुठे होते, याची खात्री त्याशिवाय होत नाही.

टेट्रोडच्या पुढची पायरी सिलिकॉनची. बेल्जियममधील आयमेक संस्थेत बनणारा न्यूरोपिक्सेल्स प्रोब २०१७ मध्ये जाहीर झाला. त्याच्या एक सेंटिमीटर लांबीच्या सुईवर ९६० नोंदबिंदू आहेत आणि त्यांतील ३८४ एकाच वेळी वाचता येतात. २०२१ च्या दुसऱ्या आवृत्तीत चार सुया आणि ५,१२० बिंदू आले, आणि वजन सुमारे १.१ ग्रॅमवर उतरल्याने लहान उंदरालाही ती पेलते. दुसरी वाट प्रकाशाची. चेतापेशी सक्रिय झाली की चमकणारे प्रथिन तिच्यात घालतात आणि डोक्यावरच्या इवल्या सूक्ष्मदर्शकाने ती चमक चित्रित करतात. स्टॅनफर्डमध्ये २०११ मध्ये साकारलेल्या अशा सूक्ष्मदर्शकाचे वजन १.९ ग्रॅम होते. यात त्याच पेशी अनेक दिवस ओळखता येतात, पण चमक विद्युत संदेशापेक्षा संथ असल्याने मिलिसेकंदांचा तपशील हरवतो. प्रश्न वेळेच्या नेमकेपणाचा असेल तर इलेक्ट्रोड, पेशींच्या ओळखीचा असेल तर सूक्ष्मदर्शक, अशी निवड होते.

भारतात या विद्येची एक वाट बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून, उपिंदर भल्ला यांच्या प्रयोगशाळेतून येते. तिथे सचिन देशमुख यांनी वास आणि हिप्पोकॅम्पस यांच्या संबंधावर काम केले. पुढे जेम्स निअरिम यांच्यासह २०११ मध्ये त्यांनी दाखवले की रॅटच्या पार्श्व एन्टोरायनल कॉर्टेक्समधील काही पेशी वस्तूंजवळ सक्रिय होतात. आता ते भारतीय विज्ञान संस्थेत आहेत. भल्लांच्याच प्रयोगशाळेत राघव राजन यांनी, रॅट एक-दोन हुंगण्यांत वासाची दिशा ओळखतो, हे सहकाऱ्यांसह २००६ मध्ये सिद्ध केले. पुढे पुण्याच्या आयसरमध्ये आलेल्या राजन यांचा विषय झेब्रा फिंच पक्ष्याचे गाणे हा आहे. पंधरा ग्रॅमच्या आतबाहेरच्या या पक्ष्यावर वजनाची अट उंदराहूनही कडक होते. आयसरमध्येच निक्सन अब्राहम यांची प्रयोगशाळा उंदरांच्या वासाच्या ज्ञानाचा अभ्यास करते.

असे प्रयोग भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतात. पूर्वी सीपीसीएसईए आणि आता सीसीएसईए नावाने ओळखल्या जाणाऱ्या समितीकडे संस्थेची नोंदणी लागते आणि संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. प्राण्याशिवाय काम होते का, कमी प्राण्यांत होते का, यातना कमी करता येतात का, हे रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेले तीन प्रश्न प्रत्येक प्रस्तावाला विचारले जातात. या यंत्राच्या बाबतीत दया आणि अचूकता यांची मागणी एकच आहे. दुखणाऱ्या, वाकलेल्या, घाबरलेल्या उंदराच्या मेंदूतून येते ती दुखण्याची आणि भीतीची नोंद, आणि तिच्यावरून निरोगी मेंदूविषयी काढलेला निष्कर्ष चुकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर वजन रोज पाहतात, चाल आणि खाणे यांची तुलना यंत्र नसलेल्या उंदरांशी करतात आणि फरक दिसला तर आराखडा पुन्हा हलका करतात. उंदीर यंत्रासह तसाच वागला, जसा यंत्राविना वागला असता, तरच त्या यंत्राने दिलेले आकडे विश्वासाचे ठरतात.