बायोमधली गॉथिक अक्षरं येतात कुठून?

इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये फाँट निवडायची सोय नाही. तरीही कित्येकांची नावं तिथे काळ्या, टोकदार, जाडजूड गॉथिक वळणात झळकत असतात. कृती सोपी असते. एखाद्या ‘फॅन्सी टेक्स्ट’ साइटवर रोमन लिपीत नाव टाकायचं, खाली नमुन्यांची रांग लागते, आवडेल तो कॉपी करून चिकटवायचा. फाँटला तर कुणी हात लावलेला नाही, मग वळण बदललं कसं? त्यासाठी आधी लेखणीकडे आणि मग गणिताकडे जावं लागतं.

ब्लॅकलेटर, म्हणजेच हे गॉथिक वळण, बाराव्या शतकात उत्तर युरोपात रुळलं. रुंद, सपाट टोकाची पिसाची लेखणी साधारण ४० ते ४५ अंशांत तिरकी धरायची. बोरूने कित्ता गिरवलेल्यांना पुढचं सांगायला नको: लेखणी बोटांत फिरवायची नाही, हात एका दिशेला गेला की जाड रेघ उमटते, दुसऱ्या दिशेला गेला की बारीक. यातल्या टेक्स्टुरा नावाच्या प्रकाराने तर गोलाई जवळजवळ हद्दपारच केली. सगळी भिस्त एका आखूड उभ्या रेघेवर. ‘आय’ला अशी एक रेघ, ‘एन’ आणि ‘यू’ला दोन-दोन, ‘एम’ला तीन. आता ‘मिनिमम’ हा शब्द रोमन लिपीत मांडून बघा. अक्षरं सात, रेघा पंधरा, सगळ्या एका उंचीच्या आणि एका अंतरावरच्या. कुठे ‘एम’ संपला आणि कुठे ‘आय’ लागला, हे वाचणाऱ्याने अंदाजाने ठरवायचं. ‘आय’च्या डोक्यावर खूण आली ती या घोळातून वाट काढायला, आधी ती बारीक तिरकी रेघ होती, पुढे तिचं टिंब झालं.

गटेनबर्गने १४५५च्या सुमारास बायबल छापलं ते टेक्स्टुरातच. हस्तलिखिताची हुबेहूब नक्कल साधावी म्हणून जोडाक्षरं आणि संक्षेप धरून त्याने जवळपास २९० प्रकारचे खिळे पाडले होते. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट पहिल्या माक्सिमिलियनच्या आश्रयाने फ्राक्टुर हा मोडता, वेलांटीदार प्रकार पुढे आला. बाकीचा पश्चिम युरोप हळूहळू रोमन वळणाकडे गेला, जर्मनांनी मात्र फ्राक्टुर विसाव्या शतकापर्यंत सोडलं नाही. ही अक्षरं पाहिली की अनेकांना नाझी आठवतात. पण ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमानच्या परिपत्रकाने त्यांच्यावर बंदी घातली ती नाझींनीच, आणि कारण दिलं की ही ज्यूंची अक्षरं आहेत. ते धादांत खोटं होतं.

ही अक्षरं जिवंत राहिली ती न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वृत्तपत्रांच्या नावात, टॅटूंमध्ये, हेवी मेटल बँडच्या लोगोंमध्ये. आणि गणितात. जर्मन गणितज्ञांना साधी अक्षरं पुरेनात, तेव्हा हाताशी फ्राक्टुर होतंच. डेडेकिंडने बीजगणितातल्या ‘आयडियल’ या संकल्पनेसाठी ते वापरलं. ‘ली बीजगणितं’ नावाच्या रचना आजही फ्राक्टुरमध्येच लिहितात. समीकरणात वळण बदललं की अर्थ बदलतो. साधा ‘एच’ एखादी चल राशी असेल, तर लपेटदार ‘एच’ म्हणजे भौतिकशास्त्रातला हॅमिल्टोनियन. नुसता मजकूर पाठवताना फाँटची माहिती गळून पडली तर समीकरणच चुकेल. म्हणून मार्च २००१मध्ये युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, ३.१ आवृत्तीने अशा ९९१ गणिती चिन्हांना स्वतंत्र क्रमांक दिले.

आता नाव पालटतं कसं ते बघू. संगणकाच्या लेखी मोठा ‘ए’ म्हणजे ६५, छोटा ९७. गणिती फ्राक्टुरमधला मोठा ‘ए’ १,२०,०६८ आणि छोटा १,२०,०९४. साइट एवढंच करते की ६५च्या जागी १,२०,०६८ ठेवते, पुढचं अक्षर पुढच्या क्रमांकावर. पण मोठ्या ‘सी’शी आल्यावर हा हिशेब अडतो. तिथे १,२०,०७० ही जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे, कारण फ्राक्टुर ‘सी’ आधीच ८४९३वर बसलेला होता. ‘एच’, ‘आय’, ‘आर’ आणि ‘झेड’ यांचंही तेच. साइट बनवणाऱ्याने नुसती बेरीज केली, तर या पाच मोठ्या अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. ठळक फ्राक्टुरचा संच वेगळा आहे, त्यात अशा फटी नाहीत.

अंकांना फ्राक्टुर रूप दिलेलंच नाही, त्यामुळे नावापुढचं जन्मसाल साधंच राहतं. गंमत म्हणजे या संचात जर्मनचा खास ‘एस्त्सेट’ही नाही आणि टिंबवाले स्वरही नाहीत. ज्या भाषेने ही अक्षरं चारशे वर्षं सांभाळली, तीच यांत धड लिहिता येत नाही. गणितज्ञांना जेवढं लागत होतं तेवढंच घेतलं गेलं. देवनागरीचीही तीच गत: ‘सायली’ असं टाकलं तर साइट काहीच करू शकत नाही, आणि बायोत गॉथिक नाव हवं असणाऱ्या सायलीला रोमन लिपीचा आधार घ्यावा लागतो.

दिसायला अक्षर, आत गणिती चिन्ह, असा हा प्रकार असल्यामुळे पुढच्या कटकटी ओघानेच येतात. अंध व्यक्तींसाठी पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर्स अशा नावातलं एकेक अक्षर ‘मॅथेमॅटिकल फ्राक्टुर स्मॉल एस’ अशा थाटात उच्चारतात, काही तर ते गिळूनच टाकतात. फ्राक्टुर ‘ए’चं साधं रूप कोणतं, याचा तक्ता युनिकोडनेच दिला आहे, तो वापरणाऱ्या शोधयंत्राला नाव सापडतं, न वापरणाऱ्याला सापडत नाही. साठवणुकीत साधा ‘ए’ एक बाइट घेतो, देवनागरी अक्षर तीन आणि हे चिन्ह चार. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांमधला ‘यूटीएफ८’ तीन बाइटांपर्यंतच जात असे, त्यामुळे तिथे मराठी मजकूर बिनबोभाट मावायचा आणि अशा नावांवर गाडी अडायची. इमोजीही चार बाइटांचेच, म्हणून बहुतेकांनी ती त्रुटी एव्हाना दुरुस्त केली आहे.

माझं मत विचाराल तर टोपणनावापुरती ही हौस ठीक आहे. पत्ता, फोन नंबर किंवा कार्यक्रमाची वेळ या अक्षरांत घालू नये. पोस्टर, पत्रिका किंवा स्वतःची वेबसाइट असेल तर सरळ फाँटच वापरावा. गूगल फाँट्सवर ‘यूनिफ्राक्टुर मागुंतिया’ फुकट मिळतो आणि त्यात जर्मनची सगळी अक्षरं आहेत. मजकूर नेहमीच्या कीबोर्डने टाइप करायचा, निवडून फाँट लावायचा. मग वेबसाइटवरून तो कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवला, तर गॉथिक वळण गळतं आणि ६५ क्रमांकाचा साधा ‘ए’ तसाच हाती येतो.