टांझानियाची मुले पुढे का?

वीस मीटर अंतरावर दोन रेषा. बीप वाजायच्या आत धावत पलीकडची गाठायची; मिनिटागणिक वेग वाढतो. 50 देशांतील 9 ते 17 वयाच्या 11 लाखांहून अधिक मुलांचे या चाचणीचे निकाल संशोधकांनी 2016 मध्ये ताडून पाहिले. पहिला टांझानिया, मग आइसलँड, एस्टोनिया, नॉर्वे, जपान. अमेरिका 47वी, मेक्सिको शेवटचा! उष्ण देशांतली मुले साधारणपणे मागे पडली. टांझानिया मात्र अपवाद. हवामानापेक्षा ठळक दिसली ती गरीब-श्रीमंतांमधली दरी: ती जिथे मोठी, तिथे मुलांचा दम कमी. अर्थात, हा संबंध आहे, कारणाचा पुरावा नव्हे. जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे दमवणारी हालचाल सुचवते. सोसायटीच्या फाटकाबाहेरच्या मुलाने ती करायची कुठे?