ऐकू येते, पण उमगत नाही

“संध्याकाळची गोळी सहाला घ्या,” असे आपण स्वयंपाकघरातून सांगता. बाहेरच्या खोलीत आजोबा मान डोलावतात. रात्री दहा वाजता ते पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन बसलेले दिसतात. आपण चिडता, तेही चिडतात. “दहाच म्हणालीस तू,” असे ते ठामपणे सांगतात, आणि त्यांच्या कानापुरते ते खरेही असते.

याला विसराळूपणा किंवा हट्ट समजण्याची घाई करू नये. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात; स, श, च, त, फ, ख यांसारखी व्यंजने उंच पट्टीची आणि दुबळी. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारख्या भागात सूक्ष्म केशपेशी असतात. त्यांतील उंच पट्टी टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशीच असतात आणि बहुधा त्याच आधी झिजतात. एकदा गेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. मग ‘सहा’ मधला ‘हा’ तेवढा पोहोचतो आणि उरलेले अक्षर मन आपल्या अंदाजाने भरते. ‘सात’ आणि ‘साठ’, ‘पाच’ आणि ‘काच’ यांचीही हीच गत. कुत्र्याचे भुंकणे, ट्रकचा भोंगा, दाराची धडक मात्र नीट ऐकू येते. म्हणूनच “मला चांगले ऐकू येते” हे त्यांचे म्हणणे खोटे नसते.

बोईसर-तारापूर पट्ट्यात या झिजेला वयाखेरीज आणखी एक कारण असते. येथील कित्येक घरांतील वडीलधाऱ्यांनी औद्योगिक वसाहतीत यंत्रमाग, रोलिंग मिल, कॉम्प्रेसर किंवा ब्लोअर यांच्या शेजारी पंचवीस-तीस वर्षे पाळ्या केल्या आहेत. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचे आयुष्य बोटीच्या डिझेल इंजिनाशेजारी गेले आहे. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा धरलेली होती. आवाज ९५ वर गेला की मुभा निम्मी, चार तासांची. आवाजामुळे येणारे बहिरेपण कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे शासनाला कळवणे बंधनकारक असलेल्या व्याधींच्या यादीत होते. कागदावर ते होते; कानात बोळा कोंबून पाळी काढणाऱ्यांना ते किती माहीत होते, हा प्रश्न वेगळा. अशा आवाजाची पहिली खूण बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास उमटते आणि व्यंजनांची कड तिथेच बोथट होते. आजोबा निवृत्त झाले तरी ती खूण त्यांच्यासोबत घरी येते.

आता ओरडण्याविषयी. आपण आवाज चढवला की मुख्यतः स्वर चढतात. हरवलेले ‘स’ आणि ‘त’ हरवलेलेच राहतात. शिवाय झिजलेल्या कानाची एक विचित्र खोड असते. हळू आवाज मुळीच पोहोचत नाही आणि थोडा वाढवला की तो एकदम असह्य होतो. “काय म्हणालास?” आणि “ओरडतोस कशाला?” ही दोन वाक्ये पाठोपाठ का येतात, हे येथे उलगडते.

उपायाचा एक धागा त्यांच्याच जुन्या नोकरीत सापडतो. मागाच्या खात्यात शेजारच्याचे शब्द ऐकू येणे अशक्य. तेथे माणसे ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलणे ओळखत. ती विद्या आपल्या आजोबांपाशी अजून शाबूत असू शकते. तिला हवा असतो आपला चेहरा. तेव्हा दुसऱ्या खोलीतून बोलू नये. समोर यावे, उजेड आपल्या तोंडावर पडेल असे बसावे, दूरदर्शन आणि पंखा बंद करावा, आधी हाक मारून मग सावकाश बोलावे. तेच वाक्य तिसऱ्यांदा उच्चारण्यापेक्षा शब्द बदलावा: “सहाला, दिवेलागणीला.” गोळीची वेळ मात्र कागदावर ठळक लिहूनच ठेवावी.

तपासणी टाळू नये. प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान पाहून घ्यावा. कित्येकदा नुसता मळ निघतो आणि अर्धी तक्रार सरते. पडद्याला छिद्र असेल तर लसणाचे कोमट तेल अपाय करते, म्हणून ते आजीबाईंचे औषध तपासणीआधी नकोच. त्यानंतर श्रवणालेख काढावा. वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. बोईसरहून लोकलचा दोन-अडीच तासांचा प्रवास वृद्धांना सोपा नाही. पण निदानाबाबत शंका उरत असेल तर तो करण्याजोगा आहे.

श्रवणयंत्र लावले की पहिल्या दिवशी भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर आणि स्वतःचाच आवाज अंगावर येतो. वर्षानुवर्षे न आलेले आवाज मेंदूला नव्याने वर्गवार लावायचे असतात. त्याला काही आठवडे लागतात. यंत्र डबीत जाते ते बहुधा याच काळात. आरंभी शांत खोलीत रोज तासभर लावावे आणि जुळवणीसाठी तज्ज्ञाकडे पुन्हा जावे. आपल्याकडील समुद्राची दमट हवा आणि पावसाळा यंत्राचे वैरी. रात्री ते पुसून, बॅटरीचे दार उघडे ठेवून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवावे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) पासष्ट वर्षांवरील, दोन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्यांना साहाय्यक साधनांसाठी तीन हजार रुपये एकदाच मिळतात. त्यात चांगले डिजिटल यंत्र येणे कठीण, तरी तेवढाच हातभार.

एक प्रसंग मात्र तातडीचा. एका कानाने एकाएकी, दिवस-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर मळ समजून वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. यावरील स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक उपयोगी ठरतात. पंधरवडा लोटल्यावर आशा मंदावते.

आणि रात्र. झोपताना यंत्र काढलेले असते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा माणसे हाकांनी एकमेकांना उठवून अंगणात आणत होती. औद्योगिक वसाहतीत अपघात झाला तर भोंगा वाजतो, शेजारी दार ठोठावतात. आपल्या घरातील त्या व्यक्तीला यांतले काहीच कळणार नाही. तिच्या खोलीला आतून कडी नको. तिला हाताला धरून कोण उठवणार, हे आजच ठरवावे, आणि ते शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावे. विजेरी आणि यंत्राची डबी उशाशी, एकाच ठरलेल्या जागी असावी.