धर्मादायाचे खाते आणि समितीचा ठराव

धान्याच्या बीजकात हमाली व तोलाईखाली धर्मादायाची एक ओळ लिहिण्याचा प्रघात व्यापारी पेठांत फार जुना. ती रक्कम गिऱ्हाईक देते. व्यापारी ती केवळ गोळा करतो. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हेच ग्राह्य धरले. धर्मादाय म्हणून घेतलेला पैसा व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे. तो धर्मकार्यास बांधलेला असतो.

पैसा आपला नसेल, तर त्याविषयीचा ठराव सैल असून कसे चालेल? आपल्या सभांतून "समितीने योग्य ती व्यवस्था करावी" हे वाक्य सर्वानुमते संमत होते. समिती म्हणजे नेमके कोण? किती रुपयांपर्यंत? कोणत्या तिथीपर्यंत? वर्षाने विचारावे, तर चिटणीस अध्यक्षांकडे पाहतात आणि अध्यक्ष छताकडे. विद्यार्थ्यांसाठी बांधावयाची खोली मात्र नकाशातच राहते.

ठराववहीत प्रत्येक ठरावापुढे एकाच सभासदाचे नाव, खर्चाची मर्यादा व मुदत लिहावी आणि पुढील सभेत नव्या विषयाआधी ती वाचावी. हिशेब तपासणारे दोघे कार्यकारिणीबाहेरचे असावेत. धर्मादायाची रक्कम दुकानाच्या रोकडीत मिसळू नये, उसनवार म्हणूनही नाही. (मंदीत हा मोह फार होतो.)

वडीलधाऱ्यांस हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास, असे काहींचे म्हणणे. परंतु रोजमेळ मिळविताना सख्खा भाऊ भावास दोन रुपयांची तूट विचारतो, आणि दुसऱ्या दिवशी दोघेही एकाच गादीवर बसतात.

येत्या वार्षिक सभेत धर्मादायाची खतावणी सर्वांसमक्ष वाचली जावी, असा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदनास एक नाव हवे आहे.